साच्यातला पहिला चेहरा

८ सप्टेंबर

ठमे,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर आपण दोन शब्द बोलतो न बोलतो, तोच आई "जेवलास का, जेवलास का" करत फोन ओढून घेते आणि बोलायचं ते राहूनच जातं. इथं शेडमध्ये तर फोन आत नेऊच देत नाहीत, गेटवर डब्यात टाकून घेतात. म्हणून हा कागद. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, कॉलेजवालीने सांभाळून घ्यावं.

नवीन काम लागलंय. होय, परत नवीन. पायाला भिंगरी म्हणून आईला काय शिव्या घालायच्यात त्या घालू दे, पण गॅरेजचा तो मालक माणसात जमा नव्हता. आता मुखवट्यांच्या कारखान्यात आहे. प्लास्टिकचा पातळ पत्रा भट्टीत तापवायचा, दुधावरच्या सायीसारखा लोंबायला लागला की झटकन साच्यावर टाकायचा. खालून पंप हवा ओढतो आणि बघता बघता पत्र्याला नाक फुटतं. मग कडा कापायच्या, डोळ्यांना भोकं पाडायची, रंगाला पुढं सरकवायचं. महिनाभर वाघ काढले, अस्वलं काढली. वाघ काढताना कधी शिसारी आली नाही.

आता निवडणुकीची ऑर्डर आलीय. आणि कुणाची म्हणतेस? आपल्याच गावातून उभ्या राहिलेल्या बाईंची! मामा ज्यांचा झेंडा घेऊन पळतो त्याच. कार्यकर्त्यांनी बाईंचं तोंड लावून मिरवणुकीत नाचायचं, अशी टूम निघालीय.

आमच्याकडे साचे करणारे एक आजोबा आहेत. बोलत नाहीत, फक्त खोकतात. त्यांनी फोटो समोर ठेवून बाईंचा साचा केला. हुबेहूब. गालांवर कांजिण्यांचे खड्डे, डावी पापणी जरा उतरलेली, हनुवटीखाली सैल कातडं. शेजारच्या काकू वाटाव्यात अशी बाई. पहिला मुखवटा मीच ओढला. खोटं कशाला बोलू, मला बरी वाटली. हिला चार गोष्टी सांगाव्यात असं तोंड.

दुसऱ्या दिवशी पार्टीचा माणूस आला, गॉगल डोक्यावर चढवलेला. त्याने तो मुखवटा मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा दोन बोटांत धरला.

"हे काय आहे?"

"तुमच्या बाई."

"हे लोकांना दाखवायचं?"

मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून खड्डे बुजवले. पापणी वर घेतली. नाक तासलं. हनुवटी उडवली. मग रंगाची पाळी. पहिला रंग, बाईंचा आहे तोच. "काळी दिसतेय." दुसरा. "अजून उजळ." तिसऱ्या वेळी आजोबा खोकायचे थांबले आणि म्हणाले, "साहेब, याच्यापुढं चुनाच आहे." तर तो गॉगल न हसता म्हणतो, "बघा लावून."

आता भिंतभर तारांवर त्या बाई टांगल्यात. सगळ्या गोऱ्या, सगळ्या हसऱ्या, सगळ्यांच्या डोळ्यांत भोकं. डबा खायला बसलो की मान दुसरीकडे करतो.

तुझा अभ्यास कसा चाललाय? भाषणाची स्पर्धा होती, तिचं काय झालं?

तुझा,
दादा


१९ सप्टेंबर

दादा,

स्पर्धेत पहिली आले. ही बातमी छोटी. मोठी पुढे आहे, म्हणून बसून वाच.

बाई कॉलेजात आल्या होत्या. माझं भाषण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि खाली उतरल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बोलत राहा पोरी." एवढंच. पण दादा, माझ्याशी बोलताना लोक कुठे बघतात ते तुला माहीत आहे. आधी गालावरच्या डागाकडे, मग घाईघाईने कपाळाकडे, मग भिंतीकडे. बाईंनी सरळ डोळ्यांत बघितलं. कॉलेजच्या मागच्या मैदानावर त्यांची मोठी सभा आहे आणि बाईंच्या आधी विद्यार्थ्यांच्या वतीने एक भाषण आहे. ते मी करणार! मामा तर असा चालतोय जसा काही तोच उभा राहिलाय.

तू त्या खड्ड्यांचं लिहिलंस ते खरं आहे का? जवळून बघितलं तेव्हा पावडरीचा एवढा थर होता की काही कळलं नाही. ऐकून मला तर त्या जास्तच आवडल्या. त्यांची घोषणाच आहे, "जशी आहे, तशी तुमची." गावातल्या सगळ्या भिंतींवर लिहिलीय. तुमचा तो गॉगलवाला असेल मूर्ख, बाईंना त्याचा पत्ताही नसेल. नोकर नेहमी मालकापेक्षा जास्त लाजतात.

माझं एक काम कर. साच्यातून निघालेला तो पहिला मुखवटा टाकून दिला नसशील, तर मला पाठव.

ठमी


२७ सप्टेंबर

ठमे,

मुखवटा पाठवतोय. भंगाराच्या पिंपात तळाला गेला होता, कमरेपर्यंत आत वाकून काढला. माझ्या जुन्या शर्टात गुंडाळलाय. शर्ट आईला दे, मुखवटा तुझ्याजवळ ठेव, मामाला दाखवू नकोस. आतून आमच्या कारखान्याचा शिक्का आहे, तेवढं लक्षात असू दे.

तुझी बातमी इथं सगळ्यांना सांगून झाली. रंगवाला म्हणतो, "तुझी बहीण? मग ती तुझ्यावर नाही गेली." मी म्हटलं, "अक्कल एकच होती घरात, तिने आधी उचलली."

लहानपणी कुणी तुला डागी म्हटलं की मी दगड उचलायचो. परवा एकाला मुखवट्यांवर रंग उडवताना बघत होतो आणि डोक्यात आलं, की दगड तरी कुणाकुणाला मारायचे. डागी म्हणणारं पोर निदान तोंडावर म्हणायचं. हे लोक गोड बोलून पुट्टी घेऊन येतात.

भाषणात काय लिहिलंस? आईने मागे सांगितलं की गल्लीतल्या नळाला अजून थेंब नाही, टँकरवर भागतंय. ते सांगणार आहेस ना? एवढं मैदान भरलेलं असेल, सोडू नकोस.

दादा


९ ऑक्टोबर

दादा,

मुखवटा मिळाला. उशीखाली ठेवलाय. शर्ट आईने वास घेऊन धुतला.

भाषण तयार आहे, छान झालंय. मामाने दोन-चार ठिकाणी सुधारलं. नळाचं विचारू नकोस, सभेत काय बोलावं याच्या काही रीती असतात, त्या तुला तिथं बसून कळणार नाहीत.

काल फोटोवाला येऊन गेला, पेटीभर पावडरी घेऊन. स्टेजवर माझ्यासोबत माझ्या वर्गातली एक मुलगीही असणार आहे, मदतीला. तिला सगळे बाहुली म्हणतात. स्वभावाने चांगली आहे.

घाईत आहे. सभेची तयारी.

ठमी


२४ ऑक्टोबर

ठमे,

फोन का उचलत नाहीस? आईला विचारलं तर म्हणते, "झोपलीय." दुपारी, सकाळी, कधीही करा, झोपलीय. तू एवढी झोपणारी कधी होतीस?

आज गॉगलवाला पुन्हा आला. मालकाच्या टेबलावर फोन आपटला. व्हिडिओ होता. सभेची गर्दी, सगळ्यांच्या तोंडावर आमच्या गोऱ्या बाई, आणि त्यात एक खड्ड्यांची, उतरल्या पापणीची. लोक तिला ढकलतायत. गॉगलवाला ओरडत होता, "आमच्या बाईंचा असा घाणेरडा मुखवटा कुणी बनवला? विरोधकांकडून किती खाल्लंत?" मालक म्हणतो, आमच्याकडचा नाही. तर त्याने फोनवरच मुखवट्याच्या आतल्या शिक्क्याचा फोटो दाखवला.

मी काही बघत नव्हतो. मी व्हिडिओतल्या तिच्या चपला बघत होतो. निळ्या पट्ट्याच्या, एक पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला. तो पट्टा मी शिवला होता, सुट्टीत आलो तेव्हा.

लागलं का तुला? खरं लिही. मागच्या पत्रासारखं छान-छान लिहिलंस तर पुढच्या गाडीने तिथं येईन.

दादा


२ नोव्हेंबर

दादा,

येऊ नकोस. कानामागे इलॅस्टिकचा वळ होता, तो गेला. बाकीचं लिहिते.

फोटोवाला आला त्या दिवशीच सगळं ठरलं होतं, मी तुझ्यापासून लपवलं. त्याने आधी माझ्या गालावर पावडरीचे थर दिले. एक, दुसरा, तिसरा. डाग काही जाईना, तोंड राखेत बुडवल्यासारखं झालं. मग तो मामाला म्हणाला, माझ्यासमोर, जसं काही मी खुर्ची आहे, "आवाज फर्स्टक्लास. पण चेहरा कॅमेऱ्याला जड जातो. लोक डाग बघत बसतील, आपला मुद्दा राहील बाजूला." मुद्दा! मी लिहिलेलं भाषण बाहुली वाचणार, असं ठरलं. मामा घरी येताना म्हणाला, "अगं, शब्द तुझेच ना? तोंड कुणाचं का असेना. मोठ्या कामात लहान अपमान गिळायचे असतात." मी गिळला. का, ते विचारू नकोस अजून.

सभेच्या दिवशी मला मागच्या रांगेत मुखवटे वाटायला ठेवलं. पोती भरून आले होते, तुमच्या रंगाच्या वासासकट. मला म्हणाले, तूही लाव. मी पिशवीतून माझा काढला आणि लावला.

तुला वाटेल मी रागाने लावला. थोडा राग होता. पण दादा, शपथ, मला वाटलं होतं की बाईंना तो आवडेल. एवढ्या खोट्या तोंडांच्या गर्दीत त्यांना स्वतःचं तोंड दिसेल, त्या हसतील, बोट दाखवून म्हणतील, बघा, हिने मला ओळखलं. जशी आहे, तशी तुमची. भिंतीवर लिहिलेलं मी खरं मानत होते. वर्गात पहिली येणारी मी.

शेजारची बाई आधी लांब सरकली. मग कुणीतरी ओरडलं, "ही बघा विरोधकांची! बाईंची टिंगल करतेय!" दंड धरले, ढकलत ढकलत स्टेजपर्यंत नेलं. आणि वर माईकवर बाहुली वाचत होती, माझं वाक्य, "या बाईंनी आम्हाला मान वर करून बोलायला शिकवलं." टाळ्या पडत होत्या. माझी मान एका माणसाच्या मुठीत होती.

मामा तिथंच होता, बिल्ला लावून. एकाने विचारलं, "कोण ही? ओळखतोस?" मामाने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. बूट नवे होते, पार्टीने दिलेले.

बाई पायऱ्या उतरून आल्या. मुखवटा त्यांनी स्वतःच्या हाताने वर सरकवला, खाली मी निघाले. त्यांनी एकदा मुखवट्याकडे बघितलं, एकदा माझ्या गालाकडे. मी म्हटलं, "बाई, मी. बोलत राहा म्हणाला होतात ती." त्यांच्या तोंडावरची पावडर घामाने फाटली होती, भेगांतून खड्डे दिसत होते. आजोबांनी केलेले अगदी तेच, तिथल्या तिथे. त्या माणसाला म्हणाल्या, "शी! हे मागे न्या. कॅमेऱ्यात येता कामा नये."

'हे' म्हणजे काय, मुखवटा की मी, ते मला अजून कळलेलं नाही. त्या माणसालाही कळलं नसावं, त्याने दोन्ही नेलं. मागे आतल्या शिक्क्याचा फोटो काढला, मुखवटा माझ्या अंगावर फेकला आणि मला हाकललं.

बाहुली दुसऱ्या दिवशी घरी आली होती. मला वाटलं मिरवायला आली. तर रडायलाच लागली. तिला म्हणे सांगितलं होतं, "तोंड मिटून हस, तुझा एक दात वाकडा आहे, पोस्टर बिघडतं." ती आता जेवतानाही तोंडावर हात धरते. मला तिचा हेवा वाटत होता, तोही उरला नाही.

ठमी


११ नोव्हेंबर

ठमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि बाहेर जाऊन थुंकलो. मामाच्या बुटांवर थुंकायला मिळालं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

मालकाला मी सांगून टाकलं. "मुखवटा मी पाठवला." "का?" "बहिणीने मागितला." त्याला वाटलं होतं मोठं कारस्थान असेल, एवढं साधं उत्तर ऐकून तो जास्त चिडला. पण ऑर्डरी डोक्यावर, माणूस मिळत नाही. म्हणतो, "मतदान होईपर्यंत काम कर, मग काळं कर."

नवी ऑर्डर कुणाची माहितेय? बाईंच्या विरोधात उभा आहे त्याची. तोही आमच्याकडेच आला. मालक चिक्कू, नवीन साच्याला वेळ नाही म्हणाला. बाईंचाच साचा घेतला, तोच, गाल भरलेला. जबडा थोडा रुंद केला, मिशी चिकटवली, भुवया जाड केल्या. रंग तोच, डबाही तोच. मी म्हटलं, "त्याच्या लक्षात येईल." मालक म्हणाला, "अरे, त्याला स्वतःसारखं दिसायचंय कुठं? चांगलं दिसायचंय." आणि खरंच, त्या माणसाने येऊन बघितलं, आणि हरखला. म्हणाला, "वा! अगदी मी."

आजोबा कोपऱ्यात खोकत होते. की हसत होते, सांगता येत नाही.

मी त्यातला एकही ओढला नाही. हातमोजे भट्टीवर ठेवले आणि निघालो. आईला सांग, भिंगरी फिरली. दुसरीकडे बघतोय, बेकरीत विचारलंय. पावाला तरी तोंड नसतं.

एक मागतो. ते भाषण मला पाठव. बाहुलीच्या तोंडचं नको, तुझ्या हातचं. तुझं बोलणं ऐकायचं माझं राहिलंय.

दादा


२३ नोव्हेंबर

दादा,

भाषण पाठवत नाही. फाडलं.

तू नळाचं विचारलंस तेव्हा मी तुला रीती शिकवल्या. आता ऐक. भाषणात मी लिहिलं होतं, "बाईंमुळे आज आमच्या गल्लीत घरोघरी पाणी पोचलं." ते मामाने घातलेलं नव्हतं, मी आपणहून लिहिलं होतं. टँकरच्या रांगेतून बादली घेऊन आले, हात पुसले आणि लिहिलं. कारण मला त्या स्टेजवर जायचं होतं. सगळ्यांनी मला बघावं आणि डाग न बघावा, एवढंच पाहिजे होतं, त्यासाठी मी काय वाटेल ते लिहिलं असतं. तुमच्या शेडमध्ये लांबी भरत होते, इथं मी शब्द भरत होते. गॉगलवाला, मामा, बाई, सगळ्यांची किळस करून झाली, आणि शेवटी तोंड धुवायला गेले तर आरशात एक उरलीच. खोटं मीच लिहिलेलं, मग भांडू कुठल्या तोंडाने, म्हणून अपमान गिळला होता. भाषण बाहुलीने वाचलं ते बरंच झालं म्हणायचं. ते वाक्य माझ्या आवाजात निघालं असतं तर गल्लीतून चालले नसते.

मतदान झालं. माझं पहिलं. शाळेच्या खोलीत बाकांवर कारकून बसले होते. माझ्या पुढच्या बाईचा फोटो जुळेना, तिला दहा प्रश्न. माझी पाळी आली, कारकुनाने फोटो बघितला, माझा गाल बघितला, आणि म्हणाला, "हं, हीच. पुढे." आयुष्यात पहिल्यांदा कुणी या डागाकडे बघून वेळ वाचवला.

मतदानाच्या मशीनवर फोटो होते. बाईंचा आणि त्या मिशीवाल्याचा शेजारी शेजारी. दादा, सख्खे भाऊ-बहीण वाटत होते. आपण दोघं कधी एवढे सारखे दिसलो नाही. मी बटणांपाशी बोट धरून उभी राहिले, बाहेरून कारकून म्हणाला, "झालं का?" कुणाला दिलं ते तुलाही सांगत नाही. देताना हात धुवावासा वाटत होता.

बाई निवडून आल्या. मामा काल पेढेवाल्याच्या थाटात घरात शिरला, म्हणाला, "झालं गेलं विसर. सत्कार आहे, आभाराचं भाषण लिहून दे, बाहुली वाचेल." आईने त्याच्या पुढचा चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतला. तू असायला हवा होतास.

आज सकाळी टँकरच्या रांगेत होते. पाणी अर्ध्यात संपलं, ड्रायव्हर म्हणाला, आता परवा. बायका त्याच्यावर ओरडायला लागल्या. मी म्हटलं, "त्याच्यावर कशाला? सत्काराला सगळ्याच जाऊ या ना, रिकाम्या बादल्या घेऊन. पुढच्या रांगेत बसू." आधी कुणी ऐकलं नाही. मग मी उलट्या बादलीवर चढले आणि मोठ्याने म्हटलं. आणि तेही सांगितलं, की घरोघरी पाणी पोचलं हे माईकवर जे ऐकलंत, ते मी लिहिलं होतं. खोटं लिहिलं होतं.

एकीने शिवी दिली, चांगली घसघशीत. ती मी घेतली. माझ्या गालाकडे कुणीही बघत नव्हतं, दादा, सगळ्यांचे डोळे माझ्या पायाखालच्या बादलीवर होते. मागून एक म्हातारी म्हणाली, "कळलं गं बाई. उतर आता, तळ फुटेल. सत्कार किती वाजता आहे?"

रविवारी आहे. बादली घेऊन जाणार आहे. मुखवटा घरीच ठेवणार.

तुझी,
ठमी